औषधांमुळे उठणारे मुरूम आणि मुरमांसारखं पुरळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न पेशंटनीच विचारलेले आहेत. काही तपासताना, काही फोनवर, आणि बरेचसे निघताना दाराची कडी हातात धरून, "डॉक्टर, एक विचारायचं राहिलंच" म्हणत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो म्हणून प्रश्नांना नंबर दिले आहेत.

१. मुरूम आणि "मुरमांसारखं पुरळ" यात फरक काय? दिसतं तर सारखंच.

लांबून सारखंच दिसतं. नेहमीचा मुरूम तेलग्रंथीच्या नळीत सुरू होतो. नळीच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल यांचं बूच बसतं. ते त्वचेखाली झाकलेलं राहिलं तर पांढरा दाणा, उघडं पडलं तर काळं टोक. या बुचाला कोमेडो म्हणतात. लाली, सूज, पू हे सगळं त्यानंतरचं. त्यामुळे खऱ्या मुरमांच्या चेहऱ्यावर सगळ्या वयाचे फोड एकत्र नांदतात: एक कालचा, एक पिकलेला, एक सुकत आलेला, आणि मधे मधे काळे-पांढरे दाणे.

औषधाने उठलेल्या पुरळात बुचाची पायरी बहुधा गाळलेलीच असते. केसाच्या मुळाशी थेट सूज येते. म्हणून सगळे दाणे एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात: तोच आकार, तोच लालपणा, तेच वय. पाठीवर तिरका उजेड पाडून पाहिलं की हे लगेच नजरेत भरतं. काळी टोकं शोधूनही फारशी सापडत नाहीत. अपवाद आहेत. स्टेरॉइड बरेच महिने चालू राहिलं तर पुढे बुचंही तयार होतात, आणि प्रश्न १४ मधल्या प्रकारात तर बुचंच बुचं असतात.

२. माझं पुरळ औषधामुळेच आहे हे कसं ओळखायचं?

तारखांवरून. रक्ताच्या कुठल्याही तपासणीपेक्षा यात कॅलेंडर जास्त कामाला येतं. पुरळ कधी उठलं ते लिहा आणि त्याआधीच्या सहा महिन्यांत काय सुरू झालं, कशाचा डोस वाढला, ते त्याच्यासमोर मांडा. कॅन्सरच्या काही औषधांनी पुरळ आठवड्या-दोन आठवड्यांत उठतं, स्टेरॉइडने साधारण दोन-चार आठवड्यांत. मनाच्या आजारावरचं लिथियम किंवा टीबीवरचं आयसोनियाझिड यांनी मात्र कित्येक महिन्यांनी उठू शकतं, त्यामुळे "ती गोळी तर मी कधीपासून घेतोय" एवढ्यावरून ती सुटत नाही.

संशय वाढवणाऱ्या आणखी काही गोष्टी: मुरमांचं वय उलटून गेल्यावर अचानक आलेलं पुरळ; चेहरा साफ पण छाती, पाठ, दंड भरलेले; आणि मुरमांच्या नेहमीच्या उपचारांना दाद न देणं.

औषध म्हटलं की लोक फक्त गोळ्या मोजतात. इंजेक्शन, इनहेलर, नाकातला स्प्रे, मलम, गर्भनिरोधक, व्हिटॅमिन, जिमची पावडर, सगळं मोजा. "मी काहीच औषध घेत नाही" असं ठामपणे सांगणाऱ्या एका बाईंच्या पर्समधून शेवटी लेबल नसलेली एक छोटी डबी निघाली. त्या तिला औषध समजत नव्हत्या, "क्रीम" समजत होत्या. अशा डब्यांत काय असतं, ते प्रश्न ६ मध्ये.

३. नेमकी कोणकोणती औषधं?

सगळ्यात वरचा नंबर स्टेरॉइडचा (प्रश्न ४ ते ६). मग टेस्टोस्टेरॉन आणि शरीर कमावण्यासाठीची अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडं (७), बी१२ (८), लिथियम आणि टीबीचं आयसोनियाझिड (९), कॅन्सरवरची ईजीएफआर आणि एमईके ही प्रथिनं रोखणारी औषधं (१०), काही गर्भनिरोधकं (११). अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन आणि सिरोलिमस. एक्झिमा आणि संधिवातावरची जेएके नावाची प्रथिनं रोखणारी नवी औषधं, त्यातही उपाडासिटिनिबने मुरूम बऱ्याच जणांना येतात, बहुतेकांना सौम्य. आयोडीन आणि ब्रोमाइडचे क्षारही या यादीत आहेत. समुद्री शेवाळाच्या पूरक गोळ्यांत आयोडीन भरपूर असतं, हे त्या घेणाऱ्यांच्या गावीही नसतं.

फिट्सवरच्या फेनिटॉइनवर हा आळ जुना आहे, पण पुरावा तेवढा पक्का नाही. फेनिटॉइनच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती प्रश्न १७ मधल्या गोष्टीची.

४. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांत छाती-पाठ भरून गेली. हे त्याचंच का?

फार करून त्याचंच. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांनी येणारं पुरळ छाती, पाठ, खांदे आणि दंडांवर जास्त, चेहऱ्यावर त्यामानाने कमी. डोस जितका मोठा आणि दिवस जितके जास्त, तितकी शक्यता वाढते. पाच दिवसांच्या छोट्या कोर्सने सहसा काही होत नाही.

एक मात्र तपासून घ्यावं लागतं. स्टेरॉइड चालू असताना पाठीवर खाजरे, बारीक, एकसारखे दाणे आले तर ते यीस्टमुळेही असू शकतात, कारण स्टेरॉइड यीस्टलाही मोकळं रान देतं. खाज असेल तर प्रश्न १२ वाचा.

५. मग स्टेरॉइडच्या गोळ्या आजपासून बंद करू?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंदावतात. बाहेरचा पुरवठा एकदम तोडला तर अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय ज्या दुखण्यासाठी गोळ्या दिल्या होत्या ते उसळतं ते वेगळंच. दम्याचा झटका की पाठीवरचे दाणे, यात निवड करायची पाळीच येऊ देऊ नका.

ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्यांना पुरळ दाखवा. डोस उतरवता येतो का, दुसरं औषध चालेल का, हे ते ठरवतील. तोपर्यंत बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापॅलिनसारखी लावायची औषधं सुरू करता येतात. औषध स्वतःहून बंद न करण्याचा हाच नियम प्रश्न ९ आणि १० मधल्या औषधांनाही लागू आहे, तिथे तो पुन्हा लिहिलेला नाही.

६. एक क्रीम लावल्यावर चेहरा आठ दिवसांत उजळला. आता बंद केलं की लाल होतो, दाणे येतात. पुन्हा लावलं की बरं वाटतं. काय चाललंय?

तुम्ही स्टेरॉइडच्या चक्रात सापडला आहात, आणि त्यात तुमची चूक फारशी नाही. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल ही मलमं योग्य जागी उत्तम औषधं आहेत. क्लोबेटासॉल तर त्यातलं सर्वांत जोरकस. पण चेहऱ्याची त्वचा पातळ, ती औषध पटकन शोषते. पहिले काही दिवस सूज उतरते, रंग उजळतो, मुरूमही दबतात, आणि माणूस त्या ट्यूबच्या प्रेमात पडतो.

मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्वचा विरळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात गेलं की भाजतं, हनुवटीवर आणि ओठांभोवती बारीक लाल दाण्यांचा पट्टा उठतो. ओठांच्या अगदी कडेची चिंचोळी पट्टी मात्र बऱ्याचदा साफ राहते. ही खूण पाहिली की निदान जवळजवळ झालंच. त्यात काही "गोरेपणाच्या" आणि "डाग घालवायच्या" क्रीममध्ये स्टेरॉइड घातलेलं असतं आणि डबीवर त्याचा उल्लेखही नसतो.

उपाय म्हणजे मलम सोडणं, पण सोडल्यावर पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसणार, हे आधीच मनाशी बांधून ठेवा. बहुतेक जण नेमके इथेच हरतात आणि ट्यूब पुन्हा उघडतात. मलम जोरकस असेल आणि खूप दिवस लावलं असेल तर आम्ही एकदम न तोडता सौम्य मलमावर आणून, मग दिवसाआड करत उतरवतो. सोबत टॅक्रोलिमस किंवा डॉक्सिसायक्लिन लागू शकतं. या काळात साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि कोमट पाणी, एवढंच. स्क्रब नाही, फेशियल नाही, घरगुती लेपही नाहीत.

नाकातल्या स्प्रेने किंवा इनहेलरच्या मास्कनेही तोंडाभोवती असे दाणे येतात. ते बंद करायचे नसतात. वापर झाल्यावर चेहरा धुऊन टाका.

७. जिम सुरू केल्यापासून पाठीवर मोठे, दुखणारे फोड येतायत. घामामुळे असेल ना?

घामाने आणि घट्ट कपड्यांनी थोडं वाढतं, पण मोठे, खोल, एकमेकांत मिसळणारे फोड दिसले की मी पहिला प्रश्न इंजेक्शनांचा विचारतो. टेस्टोस्टेरॉन आणि त्याची भावंडं तेलग्रंथींना थेट चाबूक मारतात. हे पुरळ प्रश्न ४ मधल्यासारखं साधं नसतं. यात गाठी होतात, व्रण राहतात, आणि क्वचित ताप आणि सांधेदुखीसह सगळी पाठ पेटते.

"स्टेरॉइड" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात, म्हणून गोंधळ होतो. दम्याचं स्टेरॉइड स्नायू वाढवत नाही आणि जिमवालं दमा बरा करत नाही. इंजेक्शन घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते न सांगता हट्टी मुरमांवरची आयसोट्रेटिनोइनची गोळी घेणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

व्हे प्रोटीनने मुरूम वाढल्याच्या नोंदी आहेत, पण सगळ्यांना वाढतात असं नाही. महिना-दोन महिने बंद करून पाहा.

८. बी१२ ची इंजेक्शनं घेतल्यावर मुरूम आले. व्हिटॅमिननेही येतात?

येतात, मोठ्या डोसने. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याचं एक कारण पुढे आलं: त्वचेत जास्तीचं बी१२ पोचलं की मुरमांशी संबंधित जिवाणू स्वतःचं बी१२ बनवणं कमी करतात आणि पॉर्फिरिन नावाची दाह वाढवणारी द्रव्यं जास्त बनवतात. इंजेक्शनं थांबली की पुरळ सहसा काही आठवड्यांत ओसरतं. पण कमतरता खरीच असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर नसा आधी. मुरमांचं नंतर बघू.

९. लिथियम आणि टीबीच्या गोळ्यांचं काय?

लिथियमने पुरळ येतं, ते मुख्यतः चेहरा, छाती, दंड-मांड्यांवर. जुना सोरायसिसही त्याने भडकू शकतो. लिथियम मनाचा तोल सांभाळत असेल तर ते चालूच ठेवून आम्ही त्वचेवर उपचार करतो. मुरमांसाठी पोटात घ्यायची कुठलीही गोळी लिहून घेण्याआधी लिथियम चालू असल्याचं सांगा.

टीबीच्या गोळ्यांमधलं आयसोनियाझिड काही जणांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं, अशांना पुरळाची शक्यता जास्त. टीबीचा कोर्स पुरळापायी सोडायचा नाही. नसांसाठी दिलेली बी६ ची गोळीही चालू ठेवायची.

१०. वडिलांना कॅन्सरचं औषध सुरू झालं आणि दहा दिवसांत चेहरा फोडांनी भरला. औषध सोसत नाहीये का?

सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब, एर्लोटिनिब, जेफिटिनिब यांपैकी काही असेल तर हे अपेक्षितच आहे. निम्म्याहून जास्त पेशंटना होतं. ईजीएफआर नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं संदेश टिपणारं प्रथिन) गाठीच्या पेशींवर असतो तसा त्वचेच्या तळाच्या पेशींवर आणि केसांच्या मुळांतही असतो. औषध गाठीवर चालतं आणि त्वचेवरही चालतं. पुरळ आलेल्या पेशंटमध्ये औषधाचा गुण जास्त दिसल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. पण पुरळ नाही म्हणजे औषध लागू पडत नाही, असा उलटा अर्थ काढू नका.

हे मुरूम नाहीत, हे लक्षात ठेवण्याचं कारण व्यवहारातलं आहे. घरातल्या तरुण पोराची मुरमांची जेल वडिलांना लावली जाते आणि चेहरा सोलून निघतो. बेंझॉइल पेरॉक्साइड, रेटिनॉइड क्रीम, अल्कोहोलचं टोनर यातलं काही नको. ही त्वचा तेलकट नसते, ती कोरडी पडत चाललेली असते. दिवसातून दोनदा बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, कोमट पाणी. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड मलम आणि डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन डॉक्टर देतात, बऱ्याच ठिकाणी पुरळ उठायच्या आधीच, पहिल्या सहा आठवड्यांपुरती. स्टेरॉइडने पुरळ येतं म्हणालात आणि इथे तेच देताय, असं एका मुलीने मला विचारलं होतं. बरोबर पकडलं तिने. इथे ते सौम्य, थोड्या दिवसांसाठी आणि दाह उतरवायला असतं.

पुरळ किती पसरलं यावर पुढचं ठरतं. अंगाच्या एक दशांशापेक्षा कमी भागावर असेल तर कॅन्सरचं औषध जसंच्या तसं चालतं. एक तृतीयांशाच्या जवळ गेलं किंवा पिवळ्या खपल्या धरल्या तर ऑन्कॉलॉजिस्टना त्याच दिवशी कळवा. पुढच्या काही महिन्यांत नखांच्या कडा सुजणं, पापण्यांचे केस लांब वाढणं हेही होतं. आणि एक गंमत: पूर्वी जिथे रेडिएशन दिलेलं असतं तेवढा चौकोन कधी कधी पुरळाविना स्वच्छ राहतो.

११. गर्भनिरोधकाने मुरूम जातात की येतात?

दोन्ही. इस्ट्रोजेन असलेल्या मिश्र गोळ्यांनी बहुधा कमी होतात. फक्त प्रोजेस्टिन हे हार्मोन असलेली साधनं, म्हणजे इंजेक्शन, दंडातलं इम्प्लांट, गर्भाशयात बसवायची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची (कॉपरची नव्हे) आययूडी, यांनी काही जणींना वाढतात. काही महिन्यांत ते आपोआप बसतातही. मिश्र गोळी बंद केल्यावर दबलेले मुरूम वर येणं हा तिसरा प्रकार. मुरमांबरोबर पाळी लांबत असेल आणि चेहऱ्यावर राठ केस येत असतील तर गर्भनिरोधकाला दोष देण्याआधी पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोनच्या विकाराची) तपासणी करा.

१२. मुरमांसाठी तीन महिने अँटिबायोटिक घेतोय. कमी व्हायचे सोडून वाढतायत, आणि खूप खाजतात.

"खाजतात" हा शब्द महत्त्वाचा आहे. मुरूम दुखतात, ठणकतात, पण सहसा खाजत नाहीत. छाती, पाठ आणि कपाळाच्या केसांच्या रेषेवर एकसारखे खाजरे दाणे म्हणजे मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टची शक्यता. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, यीस्टला जागा करून देतं. दाणा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कळतं. अँटिबायोटिक थांबवून किटोकोनॅझोलचा शाम्पू किंवा बुरशीवरची गोळी दिली की दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो.

खाज नाही, पण नाकाभोवती आणि ओठांवर पिवळे पुवाळलेले फोड असतील तर ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. तोही लांबलेल्या अँटिबायोटिकचाच परिणाम. त्यावर आयसोट्रेटिनोइन चांगलं चालतं.

१३. कुठलंही औषध नाही. तरीही ठरावीक जागीच उठतात.

जागाच उत्तर सांगते. हनुवटीच्या पट्ट्याखाली: हेल्मेट. खांद्यांवर: सॅकचे पट्टे. नाक-गालांवर: मास्क. कपाळाच्या कडेने: केसांना लावायचं तेल, पोमेड, जेल. दाढीत वळलेले केस टोचून येणारे दाणे हा आणखी वेगळा प्रकार. गरम पाण्याच्या टबात बसल्यावर एक-दोन दिवसांत पोहण्याच्या कपड्याखाली दाणे उठले तर स्युडोमोनास जिवाणू. बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातात.

१४. कारखान्यात काम करतो. कानामागे आणि गालांवर काळ्या टोकांची गर्दी झालीय. सहकाऱ्यांनाही आहे.

"सहकाऱ्यांनाही" या शब्दाने मी खुर्चीत सरसावून बसतो. यंत्राच्या तेलाने मांड्या आणि हातांवर फोड येतात, ते तेलाने भिजलेले कपडे बदलल्यावर आटोक्यात येतात. पण कानामागे, डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला, गालांवर, काखेत काळी टोकं आणि फिकट पिवळ्या गाठी म्हणजे क्लोरअ‍ॅक्ने असू शकतो. त्याचं कारण डायॉक्सिनसारखी क्लोरीनयुक्त रसायनं. इटलीत सेवेसो इथे १० जुलै १९७६ ला रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग सुटला, त्यानंतर २०० च्या आसपास लोकांना, मुख्यतः मुलांना, क्लोरअ‍ॅक्ने झाला. २००४ मध्ये युक्रेनचे नेते व्हिक्टर युश्चेन्को यांचा चेहरा विषप्रयोगानंतर असाच बदलला होता.

इथे क्रीमने भागत नाही. संपर्क तोडणं, यकृताची तपासणी, आणि कामाच्या जागेची चौकशी. संपर्क तुटल्यावरही हे वर्षानुवर्षं रेंगाळतं.

१५. तीन आठवड्यांच्या बाळाच्या गालांवर मुरूम?

पहिल्या काही आठवड्यांत येणारे असे दाणे बहुधा तीन-चार महिन्यांत आपोआप जातात. तेल चोळू नका, फोडू नका. एक ते सात वर्षांच्या मुलाला मुरूम आले तर मात्र हार्मोनची तपासणी करून घ्यायची, त्यात चालढकल नको.

१६. मुरमांच्या औषधानेच मुरूम वाढले. रिअ‍ॅक्शन आहे का?

रेटिनॉइड क्रीम सुरू केल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत दबलेले मुरूम वर येऊ शकतात. आयसोट्रेटिनोइननेही सुरुवातीला तसं होतं. वाढ नेहमीच्याच जागी आणि सोसण्याजोगी असेल तर धीर धरा. नवीन जागी उठलं, चेहरा सुजला, किंवा ताप-सांधेदुखी आली तर लगेच कळवा. आयसोट्रेटिनोइन आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र घेऊ नका, डोक्यातला दाब वाढू शकतो. आणि गरोदरपणात आयसोट्रेटिनोइन अजिबात नाही.

१७. कोणत्या पुरळासाठी वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं?

अँटिबायोटिक सुरू केल्यावर काही तासांत-दिवसांत तापासह काखेत, जांघेत टाचणीच्या डोक्याएवढ्या पुवाच्या शेकडो पुळ्या. फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारखं औषध सुरू करून दोन ते आठ आठवड्यांनी ताप, सुजलेला चेहरा, गळ्यात गाठी. तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड किंवा त्वचा सुटून येणं. यातलं काहीही दिसलं तर संशयित औषधाचा पुढचा डोस न घेता तडक निघा. प्रश्न ५ मधला नियम इथे उलटा होतो. स्टेरॉइडच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर त्या मात्र न सोडता सोबत न्या.

१८. औषध थांबवल्यावर किती दिवसांत जातं? डाग राहतात?

बहुतेक पुरळ काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत. आयोडीन, ब्रोमाइड शरीरातून सावकाश उतरतात, म्हणून त्यांना जास्त वेळ. दाणे उथळ असल्याने खड्डे सहसा पडत नाहीत. सावळ्या त्वचेवर तपकिरी डाग मात्र काही महिने राहतात आणि ऊन लागलं तर आणखी रेंगाळतात. खड्ड्यांची भीती प्रश्न ७ आणि १४ मधल्यांना.

१९. एकदा पुरळ आलं, म्हणजे मला त्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे असं फाइलवर लिहून घेऊ?

लिहू नका. मुरमांसारखं पुरळ ही अ‍ॅलर्जी नसते, तो औषधाच्या कामाचाच आनुषंगिक परिणाम असतो. एका पेशंटच्या फाइलवर लाल शाईत "स्टेरॉइडची अ‍ॅलर्जी" लिहिलेलं होतं. विचारल्यावर कळलं, पाठीवर मुरूम आले होते. उद्या दम्याचा जोराचा झटका आला आणि ती लाल ओळ वाचून कुणी इंजेक्शन द्यायला कचरलं तर? मी ती खोडून "प्रेडनिसोलोन, सहा आठवडे, मुरमांसारखं पुरळ" असं लिहिलं आणि खाली तारीख घातली. प्रश्न १७ मधलं काही झालेलं असेल तर मात्र लाल शाईच हवी. औषधाच्या पूर्ण नावासह, आणि त्याची एक प्रत पाकिटात.